मागे आदळणं आणि घाटात झुलणं: दोन्हींचं मूळ एकच

तुमचा प्रश्न आधी माझ्या शब्दांत मांडतो. सहा वर्षांची, सत्तर हजार किलोमीटर चाललेली हॅचबॅक, १८५/६५ आर १५ टायर, दोन वर्षांपूर्वी बाहेरून बसवलेलं सीएनजी किट. एरवी कोल्हापुरात तुम्ही एकटेच असता, पण महिन्याकाठी आईवडिलांना मागे बसवून आंबा घाटातून रत्नागिरीला जाता. त्या वेळी तीन तक्रारी येतात. खड्ड्यात मागून धाडकन आवाज होतो आणि आईच्या कंबरेला दणका बसतो. हायवेला ऐंशीच्या पुढे मागचा भाग उड्या मारत राहतो. आणि घाटात गाडी झुलते, वळणातच खड्डा लागला तर मागची बाजू बाहेर सरकल्यासारखी वाटते. एकाने स्प्रिंगमध्ये रबर बफर घालायला सांगितलं, दुसऱ्याने गाडी खाली बसवणाऱ्या कडक स्प्रिंग, तिसऱ्याने १६ इंची अलॉय. तुम्ही विचारलंय की आराम आणि घाटातला ताबा यांतलं एक सोडावंच लागतं का.

तुमच्या गाडीत तरी नाही. आराम आणि ताबा यांच्यात ओढाताण असते हे खरं, पण ती गाडी धडधाकट असेल तेव्हा सुरू होते. तुमच्या तिन्ही तक्रारींचं मूळ मला एकच दिसतं: मागच्या चाकांना वर जायला जागा उरलेली नाही, आणि जेवढी हालचाल होते तिला आवरणारे शॉकॲब्सॉर्बर थकलेत. मी गाडी पाहिलेली नाही, त्यामुळे कोणत्या कारणाचा वाटा किती हे तपासल्यावरच कळेल. सीएनजीची टाकी किती मोठी आहे, शॉक आधी कधी बदललेत का, टायर किती जुने आहेत यावरही बरंच अवलंबून आहे. पण सस्पेन्शन ट्युनिंगच्या कामात हे चित्र इतक्या वेळा पाहिलंय की सुरुवात कुठून करायची ते खात्रीने सांगू शकतो.

जागेचा हिशेब आधी करू. तुमच्या आकाराच्या, सीएनजीची टाकी नसलेल्या गाडीत एकटा चालक असताना मागच्या प्रत्येक चाकावर बॉडीचं साधारण १८० किलो वजन येतं असं धरा, आणि चाकापाशी मोजलेला स्प्रिंगचा कडकपणा दर मिलिमीटरला २० न्यूटन, म्हणजे साधारण दोन किलो वजनाला एक मिलिमीटर दबणारा. आकडे मॉडेलनुसार बदलतील, चित्र बदलणार नाही. सीएनजीची टाकी, तिचा सांगाडा आणि गॅस मिळून ७० किलो धरले तर ते जवळजवळ सगळे मागच्या ॲक्सलवर येतात, म्हणजे एका चाकामागे ३५ किलो. तेवढ्याने गाडी मागे १७ मिमी खाली बसते. आईवडील आणि सामान चढलं की आणखी ३७ मिमी. एकूण ५४ मिमी, आणि अजून एकही खड्डा आलेला नाही.

अशा गाड्यांत चालक एकटा असताना मागचं चाक बंप स्टॉपला टेकायला साधारण ५० ते ६० मिमी जागा असते. बंप स्टॉप म्हणजे शॉकच्या दांड्यावरचा फोमसारख्या पॉलियुरेथेनचा ठोकळा. स्प्रिंगची हद्द संपताना धातूवर धातू आदळू नये म्हणून तो असतो. चांगला बंप स्टॉप हळूहळू कडक होत जातो, म्हणून कंपन्या त्याला दुसऱ्या स्प्रिंगसारखा वापरतात. पण सहा वर्षांत तो बऱ्याचदा भुगा होऊन पडलेला असतो. तुमची गाडी आईवडिलांसह निघते तेव्हाच त्या ठोकळ्यावर किंवा त्याच्या उरलेल्या तुकड्यांवर बसलेली असते. मग खड्डा आला की चाकाला वर जायला वाट नाही, दणका थेट बॉडीला आणि तिथून आईच्या कंबरेला.

वळणात मागची बाजू सरकल्यासारखी वाटते त्याचंही कारण इथेच आहे. वळणात बाहेरच्या बाजूचं मागचं चाक आणखी दाबलं जातं. तिथे खड्डा आला आणि चाक बंप स्टॉपवर आपटलं, की त्या कोपऱ्याचा कडकपणा क्षणात कित्येक पटींनी वाढतो. टायर रस्त्याला धरून राहण्याऐवजी उसळतो आणि तेवढ्या वेळापुरती पकड जाते. म्हणजे आईला बसणारा दणका आणि तुम्हाला वाटणारी भीती एकाच ठोकळ्यातून येतात. म्हणूनच "आराम की ताबा" असा हा प्रश्न मला वाटत नाही. चाकाला जागा मिळाली की दोन्ही सुधारतात.

हायवेवरच्या उड्यांसाठी थोडा इतिहास सांगायला हवा, कारण ही गोष्ट कळली की पुढचे निर्णय सोपे होतात. मॉरिस ऑली नावाचे इंग्रज अभियंते रोल्स-रॉइसमधून अमेरिकेत जनरल मोटर्समध्ये गेले आणि १९३०च्या दशकात त्यांनी वजनं पुढे-मागे हलवता येतील अशी गाडी बनवून सस्पेन्शनचे प्रयोग केले. त्यांना आढळलं की मागचं सस्पेन्शन पुढच्यापेक्षा किंचित जलद झुललं तर गाडी सपाट चालते. उंचवट्यावर पुढची चाकं आधी चढतात, मागची थोड्या वेळाने. चाकांमधलं अंतर २.४५ मीटर आणि वेग ताशी ८० असेल तर हा फरक साधारण ०.११ सेकंदाचा. मागचा भाग उशिरा सुरू होतो, पण जलद असल्यामुळे पुढच्याला गाठतो आणि दोन्ही टोकं एकत्र वर-खाली होतात. तसं झालं नाही तर एक टोक वर असताना दुसरं खाली, आणि मागच्या सीटवरचा माणूस फेकला जातो.

आता तुमची गाडी पाहा. वरच्याच आकड्यांनी, टाकी नसताना आणि चालक एकटा असताना मागचा भाग सेकंदाला साधारण १.७ वेळा झुलतो. पुढचा सहसा १.३ ते १.४ वेळा. हे ऑली यांच्या नियमाला धरून आहे, थोडं कडकच. पण टाकी, आईवडील आणि सामान मिळून प्रत्येक चाकावर ११० किलो वाढले की मागचा आकडा १.३ वर येतो आणि पुढच्याला गाठण्याची सोय संपते. शिवाय शॉकची ताकद तेवढीच राहून वजन वाढल्याने त्याचा प्रभावही साधारण पाचव्या हिश्श्याने कमी होतो. हे नव्या शॉकचं झालं. सत्तर हजार किलोमीटर आपल्या रस्त्यांवर घासलेला शॉक त्यात आणखी घट करतो. उड्या त्यातूनच येतात.

इथे स्प्रिंग आणि शॉक यांची कामं वेगळी करून पाहायला हवीत, कारण गॅरेजमध्ये दोन्हींना मिळून नुसतं "सस्पेन्शन" म्हणतात आणि गोंधळ होतो. स्प्रिंग गाडीचं वजन पेलते आणि दणका साठवते. साठवलेला दणका ती परत देणारच. तो परत येताना आवरायचं काम शॉकचं. पोलादी स्प्रिंग जुनी झाली म्हणून मऊ पडत नाही. फार तर ती बसते, म्हणजे उंची कमी होते. तुम्ही जिला "सस्पेन्शन सैल झालं" म्हणता ती भावना जवळजवळ नेहमी शॉक आणि बुशांमधून, म्हणजे सस्पेन्शनच्या सांध्यांतल्या रबरी तुकड्यांमधून येते. स्प्रिंग कडक करून ती जात नाही.

शॉकमध्येही दोन वेगळ्या परिस्थिती असतात. वळणात बॉडी कलते, ब्रेक लावल्यावर नाक खाली जातं, तेव्हा शॉकचा पिस्टन सेकंदाला काही सेंटिमीटर इतक्या संथ गतीने सरकतो. खड्ड्याच्या धारेवर तोच पिस्टन सेकंदाला एक मीटरपेक्षाही जोरात पळू शकतो. चांगल्या शॉकमध्ये संथ हालचालीला भरपूर विरोध असतो आणि जोरात पळताना व्हॉल्व उघडून तेलाला वाट मिळते. म्हणून तो घाटात घट्ट आणि खड्ड्यात मवाळ, दोन्ही एकाच वेळी असू शकतो. रांजणगावला पूर्वी तयार होणारी फियाट पुंटो किंवा पहिली रेनॉ डस्टर ज्यांनी चालवलीय त्यांना मी काय म्हणतोय ते अंगाने माहीत असेल.

शॉक थकतो तेव्हा पहिली घट सहसा या संथ हालचालीवरच्या ताब्यात जाणवते. घाटात माणसाला भीती गाडी किती कलते याची कमी वाटते आणि किती झपकन कलते याची जास्त. कलण्याचा अंतिम कोन स्प्रिंग आणि अँटी-रोल बार (डाव्या-उजव्या चाकांना जोडून कलणं कमी करणारा दांडा) ठरवतात, पण त्या कोनापर्यंत पोचण्याचा वेग शॉक ठरवतो. नवे शॉक बसवल्यावर लोक सांगतात की गाडी आता कमी कलते. मोजलं तर कोन तोच असतो, फक्त ती सावकाश आणि एकदाच कलते.

कलणं आणि पकड या दोन गोष्टी एकच समजू नका. वळणात आतल्या चाकांवरचं वजन बाहेरच्या चाकांवर जातं. एकूण किती जातं ते गाडीचं वजन, गुरुत्वमध्याची उंची, डाव्या-उजव्या चाकांमधलं अंतर आणि वळणाचा जोर यांवर ठरतं. स्प्रिंग कडक केल्याने ते जवळपास बदलत नाही. बदलतं ते वाटप: त्यातला किती भार पुढच्या जोडीने उचलायचा आणि किती मागच्या. टायरवर दुप्पट वजन टाकलं म्हणून पकड दुप्पट होत नाही. त्यामुळे जी जोडी जास्त कडक, तिची पकड तुलनेने कमी होते. फक्त मागची बाजू कडक केलीत तर घाटात मागची पकड कमी होईल. पावसाळ्यात ओल्या वळणावर पुढची चाकं आधी सरकली तर बहुतेक चालक आपोआप ॲक्सिलरेटर सोडतात आणि गाडी सावरते. मागची आधी सरकली तर सावरायला सराव लागतो, आणि तेवढा वेळ मिळतोच असं नाही. मागे आईवडील बसलेले असताना हा धोका पत्करू नये असं मला मनापासून वाटतं.

आता तुम्हाला मिळालेले तीन सल्ले बघू. रबर बफर स्प्रिंगच्या दोन वेटोळ्यांमध्ये बसतो आणि ती वेटोळी जवळजवळ निकामी करतो. सहा वेटोळी काम करत असतील आणि एक अडवलं, तर पाच उरतात आणि स्प्रिंग २० टक्के कडक होते. गाडी उचलल्यासारखी दिसते, बंप स्टॉपवर आदळणं थोडं कमी होतं, म्हणून पहिल्या आठवड्यात लोक खूश असतात. पण वाढलेल्या कडकपणाला आवरणारा शॉक तोच थकलेला, त्यामुळे उड्या वाढतात. तुम्ही एकटे असता तेव्हा टाकी धरून मागचा भाग सेकंदाला १.५ ऐवजी साधारण १.७ वेळा झुलेल, म्हणजे रोजची गाडी आतापेक्षा कडक. उरलेल्या वेटोळ्यांवर ताण वाढतो. आणि फक्त मागे बसवले तर वर सांगितलेलं घाटातलं वाटप बिघडतं. मी ते सुचवत नाही.

गाडी खाली बसवणाऱ्या स्प्रिंगबद्दल फार लिहायची गरज नाही. तुमची अडचणच जागा कमी पडण्याची आहे, आणि त्या स्प्रिंग आणखी ३०-४० मिमी जागा खातात.

१६ इंची अलॉयचं थोडं वेगळं आहे. १९५/५५ आर १६ घेतलात तर टायरची एकूण उंची जवळपास तीच राहते, पण बाजूची भिंत १२० मिमीवरून १०७ मिमीवर येते. स्टिअरिंगला प्रतिसाद किंचित तल्लख होतो. बदल्यात खड्ड्याच्या धारेला पहिला धक्का घेणारी हवेची उशी कमी होते आणि चाकाचं वजन बहुधा वाढतं. तुम्ही गुळगुळीत रस्त्यावर एकटे चालवत असता तर मी नको म्हटलं नसतं. मागे म्हातारी माणसं आणि साखरप्याकडे उतरणारा रस्ता असेल तर १५ इंचावरच राहा.

बुशांकडे कुणीच तुमचं लक्ष वेधलेलं दिसत नाही, आणि मला तीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची वाटते. पुढच्या चाकाला खालून बॉडीशी जोडणाऱ्या लोअर आर्मला दोन बुश असतात. पुष्कळ गाड्यांत त्यातला एक मुद्दाम मऊ ठेवतात, म्हणजे खड्ड्याच्या धारेवर चाक जरासं मागे सरकू शकतं आणि धक्का विरतो. दुसरा आडव्या दिशेने कडक असतो, म्हणजे वळणात चाक आपली दिशा सोडत नाही. आराम एका दिशेला आणि ताबा दुसऱ्या दिशेला, अशी ही वाटणी रबराच्या दोन तुकड्यांत केलेली असते. गाडी बनवणाऱ्यांनी त्या मऊपणावर महिनोन्महिने काम केलेलं असतं. बुश फाटला की दोन्ही जातात. आणि त्याच्या जागी बाजारात मिळणारा कडक पॉलियुरेथेन बुश घातला तर ताबा येतो पण खड्डे हाताला आणि पायाला जाणवू लागतात. साधा, कंपनीचा रबरी बुशच घ्या.

मागच्या दोन चाकांना जोडणाऱ्या आडव्या दांड्याला, म्हणजे ॲक्सलच्या बीमला, बॉडीशी जोडणारे दोन मोठे बुश असतात. तेही तपासायला सांगा. ते फाटले असतील तर वळणात अख्खा ॲक्सल किंचित तिरका होतो आणि मागून गाडी स्वतःच वळतेय असं वाटतं. तुमच्या वर्णनात ही शंका घ्यायला जागा आहे.

बुश बदलताना मेकॅनिकशी आधी बोलून ठेवा: बोल्ट अंतिम घट्ट करायचे ते गाडी चाकांवर उभी असताना, लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना नव्हे. रबर आतल्या-बाहेरच्या नळीला चिकटवलेलं असतं. लोंबकळत्या अवस्थेत आवळलं की गाडी खाली आल्यावर ते कायमचं पिळलेलं राहतं, सस्पेन्शन उगाच कडक होतं आणि बुश लवकर फाटतो. घाईत हे सर्रास चुकतं.

मी तुमच्या जागी असतो तर कामाचा क्रम असा ठेवला असता. पहिल्यांदा टायरची हवा. चालकाच्या दाराच्या चौकटीवर बहुधा स्टिकर असतो, त्यावर एकट्यासाठी आणि पूर्ण भारासाठी वेगळे आकडे असतात. पंपावर सरसकट ३५ भरून घेऊ नका. टायर थंड असताना स्टिकरप्रमाणे भरा, रत्नागिरीला निघण्याआधी मागे भाराचा आकडा ठेवा आणि परत आल्यावर उतरवा. टायर सहा वर्षांचेच असतील तर रबर कडक झालेलं असणार. ते बदलण्याची वेळ आलीय.

मग गाडी लिफ्टवर घेऊन बुश, बॉल जॉइंट, पुढच्या बारच्या लिंक आणि बंप स्टॉप पाहा. शॉकवर तेलाचा ओघळ दिसला तर तो गेलाच. ओघळ नाही म्हणून चांगला आहे असं मात्र नाही. डिकी दाबून गाडी किती वेळा हलते हे पाहणं ढोबळ आहे, त्यात पूर्ण मेलेला शॉक तेवढा सापडतो. इतक्या किलोमीटरनंतर मी चारही शॉक बदलायला सांगेन, निदान मागची जोडी तरी, आणि त्यासोबत नवे बंप स्टॉप, डस्ट कव्हर आणि वरची माउंटिंग. बंप स्टॉप स्वस्त असतो म्हणून जुनाच परत लावतात आणि नव्या शॉकचं निम्मं काम वाया जातं. घट्टपणा कमीजास्त करता येणारे महाग शॉक तुम्हाला नकोत. ते फार घट्ट केले तर सलग रम्बलरवर चाक खाली यायच्या आत पुढचा पट्टा येतो, गाडी हळूहळू खाली खाली बसत जाते आणि पुन्हा बंप स्टॉपवर.

स्प्रिंगचा विचार शॉकनंतर. टाकीचं वजन कायमचं आहे, त्यामुळे त्याची भरपाई करणं रास्त आहे. तुमच्या मॉडेलची कंपनीतून सीएनजीवर येणारी आवृत्ती असेल तर तिच्या मागच्या स्प्रिंगचा पार्ट नंबर पेट्रोलच्या स्प्रिंगशी जुळवून पाहा. बऱ्याचदा तो वेगळा असतो, कारण टाकी धरूनच ती स्प्रिंग ठरवलेली असते. ती मिळाली तर उंची आणि कडकपणा दोन्ही जिथल्या तिथे येतात, आणि शॉकशी तिचा मेळही कंपनीने आधीच पाहिलेला असतो. ओढाताण खरी इथे सुरू होते: एकटे असताना गाडी किंचित कडक लागेल. टाकी कायम मागेच असल्यामुळे तो फरक थोडा असेल. शेवटी अलाइनमेंट. तुमच्या प्रकारच्या गाडीत मागचे कोन बहुधा बदलता येत नाहीत, पण मोजून घ्या. मागे डावी-उजवीकडे मोठा फरक निघाला तर बीमच्या बुशांकडे किंवा वाकलेल्या बीमकडे बोट जातं.

एक गोष्ट सस्पेन्शनपलीकडची. आईला घाटात मळमळत असेल तर गाडी मऊ करून ती थांबणार नाही. पोट ढवळतं ते पाच सेकंदांत एखादा हेलकावा अशा संथ हालचालींनी, आणि घाटात त्या जास्त करून स्टिअरिंग आणि ब्रेकमधून येतात. वळणाआधी सरळ रस्त्यावरच वेग कमी करा, स्टिअरिंग एकाच ओघात फिरवा, मधेच दुरुस्त करू नका. ट्युनिंग करताना मी स्वतः मागच्या सीटवर, ॲक्सलच्या वर बसतो, कारण पुढे बसून मागचा त्रास कळत नाही. एकदा घरातल्या कुणाला गाडी चालवायला देऊन तुम्हीही मागे बसून जा.

खर्च करण्याआधी एवढं करा: सपाट जागी, चाकाच्या मध्यापासून वरच्या कमानीच्या कडेपर्यंतची उंची चारही कोपऱ्यांत मोजा. एकदा गाडी रिकामी असताना आणि एकदा आईवडील व नेहमीचं सामान घेऊन. त्यासोबत टाकी किती लिटरची आहे, टायर कधी बनला ते सांगणारा भिंतीवरचा आठवडा-वर्षाचा चार अंकी आकडा आणि बंप स्टॉपची अवस्था कळवा. रिकाम्या गाडीतच मागचा डावा-उजवा फरक १० मिमीपेक्षा जास्त असेल तर एखादी स्प्रिंग तुटलीय किंवा बसलीय, आणि मग स्प्रिंगचं काम शॉकच्याही आधी घ्यावं लागेल.